आई रेनेसान्स फेअरला जाते

आमच्या आईला कुठेही न्या, थोड्याच वेळात ती तिथली यजमानीण होते आणि नेणारा दमून आडवा होतो. नागपूरहून ती अमेरिकेत चँडलरला माझ्याकडे आल्यापासून मी हे भोगतोय. देशी दुकानात ती अनोळखी बायकांच्या टोपलीतली जून भेंडी काढून कोवळी घालून देते. दवाखान्यात डॉक्टरलाच झोप नीट लागते का, विचारते. इंग्रजी तिला येतं, पण कळकळीचं बोलणं ती मराठीतूनच करते. दुभाष्या मी.

गेल्या शनिवारी तिला रेनेसान्स फेअरला नेलं. वाळवंटात उभारलेलं लाकडी गाव, जुन्या युरोपातले पोशाख घातलेली माणसं, राजाराणी, सरदार, आणि वर ॲरिझोनाचं ऊन. टर्कीची अख्खी तंगडी चावत हिंडणारे लोक बघून आई म्हणाली, "बाप्पा! यांना पाट मांडून कोणी बसवलं नाही का रे?" तेवढ्यात राणीची मिरवणूक आली. सगळे वाकले, आई ताठ. "मी काऊन वाकू? भाचीएवढी तर आहे माझ्या." उलट तिनेच राणीच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या मखमलीचे थर चाचपले आणि मला म्हणाली, "विचार, आतून सुती घातलंय का." विचारलं. "नो, अँड आय ॲम मेल्टिंग," राणी कुजबुजली. आईने आपली पाण्याची बाटली तिच्या हातात कोंबली. मी इतका दमलो होतो, की तिथल्या खोट्या तुरुंगात कोणी कोंडलं असतं तर उपकार मानले असते.

शेवटी घोडेस्वारांची भाल्यांची झुंज होती. आमच्या बाजूचा सरदार ठरल्याप्रमाणे घोड्यावरून पडला. लोकांनी टाळ्या पिटल्या. आई तरातरा कठड्याशी गेली.

"अरे, लागलं त्याला! बघा ना कोणी!"

"आई, नाटक आहे. चल, लोक बघताहेत."

तिने माझा हात झटकला. सरदार उठला, त्याने शिरस्त्राण काढलं. कोवळा चेहरा, घामाने निथळलेला. "आय ॲम फाइन, मॅम."

"खोटं बोलतोय. हात दाखवायला सांग."

मी सांगितलं. त्याने नाइलाजाने लोखंडी मोजा काढला. मनगट टम्म सुजलं होतं. मग मात्र प्रथमोपचारवाले धावले.

परतताना गाडीत रस्त्याकडे बघतच ती म्हणाली, "तूही फोनवर असंच म्हणायचास. मी मजेत आहे."

बायको मला सोडून गेल्याला वर्ष होत आलं होतं. कामासाठी ती दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला राहते, असं मी आईला सांगत आलो होतो.

"मजेत नाही गं," मी म्हणालो.

"माहीत आहे मला. हळू चालव."

हळू चालवली. घराचं वळण आलं, पण मी वळलो नाही, सरळच जात राहिलो. आणि कोणालाही काहीही विचारणाऱ्या माझ्या आईने, कुठे चाललास, एवढंसुद्धा विचारलं नाही.