दादाच्या अर्जातलं ते वाक्य

“तिलेच ईचार ना आबा. त्यास्नामा होयीले कितली पेतस ते.”

पार्टिशनच्या पलीकडून सुभेदार नाना सरांना सांगत होते, यांच्यात होळीला किती पितात ते हिलाच विचार. मी अलीकडे टाइप करत होते. मधे प्लायवूडची फळी, वरून मोकळी. सर हसले. मग म्हणाले, “ती काय सांगस? तिन्हा तोंडमाईन शबद निंघस का?”

मग दोघंही हसले. माझी बोटं थांबली नाहीत. हे आधी सांगून टाकते. बोटं थांबली नाहीत, कारण ज्याच्यावर ते हसत होते तेच वाक्य मी टाइप करत होते. इंग्रजीत. अर्जदार हा डोंगरातला अशिक्षित आदिवासी असून होळीच्या सणात गावठी दारूच्या अमलाखाली त्याला दिवसांचं भान राहिलं नाही.

अर्जदार माझा दादा. सख्खा. दहावी पास, फौजेत अकरा वर्षं.

सर म्हणजे शहाद्यातले जुने वकील. तापीकाठी शेती, तालुक्यात वजन. मला सनद मिळून आठ महिने झाले होते, मी त्यांच्याकडे ज्युनिअर. नाना त्यांचे मित्र, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. फौजेच्या कागदपत्रांतलं कळतं म्हणून सरांनी त्यांना बोलावून घेतलं होतं.

आई आजारातून वाचली तेव्हा दादा नवस बोलला होता. पाच होळ्या बावा होईन. आमच्या डोंगरातल्या काठी गावच्या होळीला बावा होणारा माणूस अंगाला राख लावतो, वर पांढरे ठिपके काढतो, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू. लोक लांबून येऊन फोटो काढतात. फोटोत पाळणी, म्हणजे नवसाचे नेमधर्म, दिसत नाहीत. खाटेवर झोपायचं नाही. अंघोळ नाही. बाईच्या हातचं खायचं नाही. आमच्या घरच्या पाळणीत दारूला हातही लावायचा नाही, लावला की नवस मोडला. आणि आमची होळी एका दिवसात संपत नाही. आज काठीला, मग दुसऱ्या गावाला, मग तिसऱ्या. बावा सगळीकडे नाचतो, आणि शेवटच्या होळीनंतर नदीवर अंघोळ केली की सुटतो. मधेच सोडून जाता येत नाही.

सुट्टीच्या अर्जात पलटणीतले कितीतरी जण ‘आई आजारी’ लिहितात. साहेबांनाही ते माहीत असतं. दादाने ‘होळी’ लिहिलं. नवसाच्या कामाला खोटं कसं लिहायचं, म्हणाला. तिथल्या बाबूने सांगितलं, होळी एक दिवसाची असते. सुट्टी अपुरी मिळाली. दादा नऊ दिवस उशिरा हजर झाला. आधीच्या दोन होळ्यांनाही उशीर झालेला, त्याच्या शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी होत्याच. यंदा पलटणीतच कोर्ट बसलं. त्या कोर्टात कमांडिंग ऑफिसरच न्यायाधीश असतात. दादाच्या शेजारी एक अधिकारी आणून बसवला होता. कागदावर त्याला ‘आरोपीचा मित्र’ म्हणतात. दादाला त्याचं नावही माहीत नव्हतं. मित्र शेवटपर्यंत काही बोलला नाही. साहेबांनी विचारलं, उशीर झाला का. दादा म्हणाला, हो साहेब. कागदावर उतरलं, गुन्हा कबूल. वीस मिनिटांत कोर्ट उठलं.

बडतर्फ.

आता फौजेतल्याच वरच्या साहेबांकडे अर्ज करायचा होता. नोकरी परत मिळाली तर त्यातूनच मिळणार होती. आणि मुदत संपत आली होती.

कोर्टाच्या कागदांची प्रत मी तीनदा वाचली. गुन्हा कबूल आहे असं लिहिलं तर त्याखाली आरोपीची सही घ्यावी लागते, असा नियमच आहे. पान चारवर सहीची जागा कोरी होती. मी सरांना सांगितलं. हळू सांगितलं. ते फोनवर होते, मान हलवली. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. “बारीकसारीक आहे ते,” म्हणाले. “तू भाषा बघ. इंग्रजी तुझं चांगलं आहे.”

आहेच. सहा वर्षांची असताना सरकारी योजनेतून मला डोंगरातून नेऊन लांबच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. घरची बोली तोंडातून निघाली की बाकाशेजारी उभं राहायचं. पाहुणे आले की बाई मला पुढे बोलवायच्या, मी इंग्रजी कविता म्हणायचे. पाहुणे म्हणायचे, अरे वा, हिच्याकडे बघून वाटत नाही. मग बाई चॉकलेट द्यायच्या. मी घ्यायचे. दहा वर्षं घेतलं. सरांच्या ऑफिसात पक्षकार मला बघून “पाणी आण” म्हणत, मी आणायचे. सनद भिंतीवर लावायची राहिली होती. सरांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.

ते वाक्य टाइप केलं त्याच दिवशी बारा वाजता दादा आला. वर डोंगरातल्या मोलगीहून दोन गाड्या बदलून. पांढरा शर्ट, घोटून केलेली दाढी, बूट चकचकीत. खुर्ची असून उभा राहिला.

नानांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. “काय जवान, उतरनी का?”

“जय हिंद साहेब,” दादा म्हणाला.

सरांनी अर्जाची पानं माझ्या हातात दिली. “त्याला समजावून सांग आणि प्रत्येक पानावर सही घे. आज पोस्टात पडायला पाहिजे.”

मी मराठीत सांगू लागले. घरची बोली मला आता अर्धीमुर्धीच येते, दादासमोर तीही अडखळते. पहिलं पान सांगितलं. दुसरं सांगितलं. तिसऱ्या पानावर ते वाक्य होतं. मी ते गाळलं आणि पुढचं वाचलं. आवाज बदलला असणार.

दादाने पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्यावर केली. तिसऱ्यावर पेन थांबलं. त्याने एका शब्दावर बोट ठेवलं.

“इथं लिकर लिहेल आहे.”

फौजेतल्या माणसाला बाकी इंग्रजी येवो न येवो, हा शब्द येतो. कँटीनच्या कार्डावर असतो. मला हे सुचलंच नव्हतं.

“तू हे वाचलं नाही,” दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. “काय लिहेल आहे?”

“की तू पिऊन पडला होतास. म्हणून उशीर झाला.”

“कोणी लिहिलं?”

“मी.”

त्याने पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे बघत राहिला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सर पुढे झाले. “हे बघ, असं लिहावं लागतं. डोंगरातला माणूस, सण, दारू. वाचून साहेबाला दया येते. नवस लिहिलास तर म्हणतील, याला शिस्त नाही. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय.”

“फौजमा वाद घालाना नही ऱ्हास,” नाना म्हणाले. “पाय धराना ऱ्हातस.”

“सही केली तर नोकरी परत मिळेल?” दादाने विचारलं.

“आशा आहे,” सर म्हणाले.

दादा माझ्याकडे वळला. “तू सांग. करू?”

मी हो म्हटलं असतं तर त्याने केली असती. घरात शिकलेली मीच. तीन होळ्या अंग न धुता, जमिनीवर झोपून पाळलेली पाळणी माझ्या एका शब्दावर त्याने दारूच्या नावावर लिहून दिली असती. आणि नाही म्हटलं तर कदाचित नोकरी कायमची जाणार. माझी जागाही जाणार. या तालुक्यात सरांना सोडून आलेल्या पोरीला दुसरा कोण बसवून घेणार? हे सगळं मला दिसत होतं.  

“बोल ना,” सर म्हणाले. “सांग त्याला.”

मी उठले. तिसरं पान दादाच्या हाताखालून ओढून घेतलं. आवाज फाटत होता, पण पलीकडच्या टेबलावरचा कारकूनही वळून बघेल एवढा मोठा होता.

“नको करू सही, दादा. हे खोटं आहे आणि ते मी लिहिलंय. सर, पान चारवर याची सही नाही. याने उशीर कबूल केला, गुन्हा नाही. याला कारण होतं आणि ते याने सुट्टीच्या अर्जात खरं लिहिलं होतं. मी आत्ता इथे बसून नवा अर्ज लिहिते. नोकरी मिळो नाहीतर न मिळो, त्यात दारू नसेल. वकील म्हणून खाली माझी सही असेल. तुमचं वकीलपत्र आम्ही काढून घेतो.”