बारा सेकंदांची शिकवणी

सैन्यात अधिकारी व्हायच्या चाचणीत घड्याळजी दोनदा नापास झाला होता. आता धाकटी बहीण त्याच चाचणीला बसणार म्हटल्यावर त्याच्या पोटात दुखायला लागलं. वर आई म्हणाली, "तूच घे तिची तयारी. तुझ्याइतका अनुभव कुणाला आहे?" जखमेवर मीठच ते!

दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो तिला एकेक शब्द लिहिलेले पुठ्ठे दाखवायचा. शब्द वाचून पंधरा सेकंदांत सुचेल ते वाक्य लिहायचं; त्यावरून म्हणे माणसाचा स्वभाव पारखतात. स्टॉपवॉच त्याच्या हातात, म्हणजे राज्यही त्याचंच. तो बाराव्या सेकंदालाच पुठ्ठा पालटायचा आणि खेकसायचा, "संपली वेळ! कासव आहेस नुसती." ती पुढचं वाक्य लिहायला घ्यायची.

दोन महिन्यांनी तिची निवड झाली.

"दादा, तिथे माझा वेळ उरत होता."

"मग! शिकवणी कुणाची?" तो नजर चुकवत म्हणाला.

"बाराच सेकंद द्यायचास ना? पहिल्याच दिवशी मोजले मी. भिंतभर तूच दुरुस्त केलेली घड्याळं आहेत की! म्हटलं, जळू दे बापड्याला, सराव तर माझाच होतोय."

आपल्याला दोनदा घरी का पाठवलं, ते घड्याळजीला त्या दिवशी कळलं.