जोड दिसू दे

मला वाचवलं ते एका म्हाताऱ्या कॅटलान शिल्पकाराने. काय झालं ते सांगतोच. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. पत्र्यावर बोटाने टकटक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "ऐक, अजून ओरडतोय." म्हणजे काम कच्चं आहे.

इथे अमेरिकेत, अर्विंगला लायब्ररीमागच्या बागेतली गंजक्या पत्र्याची उंच कमान तुम्ही पाहिली असेल. ती त्यांची. ती बनली आमच्या वर्कशॉपमध्ये. मी तिथे वेल्डर. नववी नापास, काम शिकलो शिरोलीच्या एमआयडीसीत. व्हिसा वर्कशॉपच्या नावावर, काम गेलं की देश सोडायचा. त्यामुळे मालकाची गाडी दिसली तरी मी हेल्मेट खाली ओढून कामाला लागायचो.

दुपारी सगळे बाहेर जेवायला जायचे. आम्ही दोघेच मागे. मी पोळीभाजी उघडायचो, ते पावावर टोमॅटो घासत बसायचे.

"उस्ताद, जेवताय की रंगकाम?"

"ही माझ्या आईची न्याहारी, तिला बोलू नकोस," म्हणायचे आणि अर्धा पाव माझ्या डब्यात ठेवायचे.

दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून जमलं. त्यांचे वडील लोहार, शाळा बाराव्या वर्षी सुटलेली. "वर्गात घरची भाषा, कॅटलान, बोललं की मास्तर मारायचा. मग मी लोखंडाशीच बोलायला लागलो." मी म्हटलं, मला तर घरच्या भाषेतही गणित आलं नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आपल्या गावाच्या बंदरावर त्यांनी लोखंडी खुर्च्यांची रांग केली होती, समुद्राकडे तोंड करून. बुडालेल्या कोळ्यांसाठी.

"त्यात कोणी बसतं का?"

"मासेवाल्या बायका बसतात. नगरपालिका म्हणाली, साखळी लावू. मी म्हटलं, खबरदार."

बायको गेलेली, मूल नाही. फोन यायचा तो एका पुतणीचा, रविवारी. माझ्या आईचाही रविवारीच.

एक दिवस ते सिटी ऑफिसात मीटिंगला गेले. कमान जवळजवळ उभी राहिली होती, पण वेल्डिंगचे जोड सगळे उघडे, जाडजूड, जखमेच्या टाक्यांसारखे. शिरोलीचे आमचे मिस्त्री म्हणायचे, जोड दिसला की गिऱ्हाईक आईबाप काढतं. मला वाटलं, घासायचं राहिलंय. उस्ताद खूश होतील. ग्राइंडर घेतला आणि एक अख्खी बाजू आरशासारखी केली.

मालक आला तो ओरडतच. "कोणी केलं? हे जोड म्हणजेच डिझाइन आहे!"

मी ग्राइंडर बाकाखाली सरकवला. तेवढ्यात उस्ताद दारात आले. कमान पाहिली. माझ्या बाह्यांवरची लोखंडाची पूड पाहिली.

"मीच सांगितलं त्याला," ते म्हणाले. "मत बदललं माझं."

"पण ड्रॉइंग पास झालंय!"

"माझं काम, माझं मत."

मी बाह्यांवरची पूड झटकली.

दुपारी म्हटलं, "उस्ताद, चूक झाली."

"तुला जोडाची लाज कोणी शिकवली?"

"मिस्त्रींनी."

"चांगला माणूस असणार. पण ऐक, मी चार गावांच्या तुकड्यांचा आहे, तूही तसाच. आपण काय काय घासणार? दिसू दे जोड." आणि पाव पुढे केला.

एक बाजू घासलेली, दुसरीचे जोड तसेच उघडे; उद्घाटनाला लोक कुजबुजले. उस्तादांना कबूल झालेलं पुढचं काम दुसऱ्याला गेलं. मालक सगळ्यांना सांगायचा, म्हातारा सटकला, स्वतःचंच डिझाइन मोडतो. मी शेजारी उभा राहून ऐकायचो. उस्ताद ठरल्यापेक्षा लवकर गावी परतले.

गेल्या हिवाळ्यात पुतणीचा मेसेज आला. उस्ताद झोपेतच गेले. गावच्या पेपरात त्यांच्यावर आलेलं तिने इंग्रजी करून पाठवलं. खुर्च्यांचं फार कौतुक होतं. शेवटी एक ओळ: अमेरिकेतल्या अखेरच्या कामात त्यांचा हात डळमळला.

ती ओळ वाचल्यापासून मी त्या बागेत जातो. परवा एक पुण्याचे काका बायकोला म्हणाले, "इकडे पॉलिश, तिकडे बजेट संपलं वाटतं." त्यांचा नातू घासलेल्या बाजूवरून घसरगुंडी करत होता. मी नुसता हसलो.

हे मराठीत लिहिलंय, कारण मालकाला वाचता येत नाही. एवढीच माझी हिंमत. पण उस्ताद, ग्रीन कार्ड हातात आलं की आधी मालकासमोर उभा राहीन, मग तुमच्या गावच्या त्या पेपरला लिहीन, पुतणीकडून तुमच्या भाषेत करून घेईन: तो हात डळमळला नव्हता, तो हात माझा होता.