डाव्या कानाची रबरी टोपी

श्रीदत्तात्रेयांच्या चरणी मस्तक ठेवतो. नऊ भक्तींमध्ये श्रवणाला पहिला पाट देणाऱ्या पूर्वजांना वंदन करतो, आणि मग बोलू लागतो.

देवघरात निर्माल्य साठावे तसे भजनी मंडळात किस्से साठतात. टाकवत नाहीत, आणि ठेवायला जागाही नसते. नारायण पेठेतल्या आमच्या लहानशा दत्तमंदिरात दर गुरुवारी भजन होते. विनायकबुवा गातात. त्यांच्या डाव्या हाताला भाऊराव पेटी घेऊन बसतात, उजव्या हाताला तात्या पखवाज घेऊन, आणि मागे मी झांजा घेऊन; तंबोरा यंत्रावर लागतो. चौघेही निवृत्त आणि चौघांनाही निवृत्ती अमान्य. यंदाच्या कार्तिकात मात्र ती बुवांच्या दाराशी येऊन उभी राहिली.

*

कोणीतरी गुरुवारचे भजन मोबाइलवर टिपले. त्यात बुवांचा गंधार तंबोऱ्याच्या खाली उतरलेला स्वच्छ ऐकू येत होता. एकदा चुकला असता तर घसा म्हणून सोडून दिले असते, पण गंधार आला की उतरलाच. मंदिराच्या विश्वस्तांनी मला चपलांच्या कपाटापाशी गाठले. बुवांचे वय झाले, कान उतरला, दत्तजयंतीला असे झाले तर दुसरा गायक बसवावा लागेल आणि हे तुम्हीच त्यांना सांगा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. देव भाव ऐकतो, असे मी म्हणून पाहिले.

"देव ऐकून घेतो हो," विश्वस्त म्हणाले. "लोक ऐकून घेत नाहीत."

बुवा त्या जागेवर बसू लागले तेव्हा त्यांचे केस काळे होते. विश्वस्तांचा निरोप तोंडात धरून मी भजनाला जाई आणि प्रसादाबरोबर गिळून परत येई. जयंती जवळ येत होती.

*

माझी सून मधुरा हडपसरला एका कंपनीत आहे. वेगवेगळे इअरफोन कानात घालून त्यांचा आवाज आणि फिटिंग पारखणे, हे तिचे काम. ऐकण्याचा पगार मिळतो. श्रवणभक्तीची ही शाखा आमच्या वेळी नव्हती. माझी अडचण ऐकून ती म्हणाली, "बाबा, स्टेजवरचे गायक कानात असे काही घालतात, म्हणजे तंबोरा आणि स्वतःचा गळा नीट ऐकू येतो. बुवांना देऊन पाहू या का?"

परीक्षा हा शब्द न उच्चारता परीक्षा होणार होती. मी तत्काळ होकार दिला.

रविवारी चौघे आमच्या सतरंजीवर बसलो. मध्ये पूजेच्या तबकात इअरफोनच्या जोड्या मांडलेल्या. एका जोडीची वायर कानाच्या वरून मागे वळवून घ्यायची होती. भाऊरावांनी ती तशी घेतली, आरशात पाहिले, आणि काढून तबकात ठेवली.

"ही नको. कानावर दोरा चढला की पाय आपोआप मोरीकडे वळतात."

मधुरा बघतच राहिली. मोरीकडे जाताना जानवे कानावर घ्यायची ती जुनी रीत तिला तिच्या सासूने स्वयंपाकघरात नेऊन समजावली. तिथून हसू आले आणि बैठकीतला ताण घटकाभर सैल झाला. बुवा मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते.

*

सर्वांत महागडी जोडी तात्यांनी मागून घेतली. ऐकले, आणि निकाल दिला की आवाज गोधडीखालून येतो आहे. मधुराने दुसरी दिली, ती तर गादीखालून येत होती. बिचारीने वायरी तपासल्या, जाळ्या पुसल्या, मोबाइल बदलला. शेवटी वाकून पाहते तो तात्यांच्या कानात अत्तराचा फाया! लोक तो पाळीच्या वरच्या घडीत ठेवतात. तात्या स्कूटरच्या वाऱ्याने उडू नये म्हणून थेट आत दाबतात.

फाया काढा, अशी तिने नम्र विनंती केली.

"तो दत्ताच्या अंगावरचा आहे," तात्या म्हणाले. "तुमचा इअरफोन काढा."

*

मग फिटिंग. टोकाला बसवायच्या रबरी टोप्या लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांच्या असतात. टोपी घट्ट बसली नाही तर बाहेरचा गलका आत शिरतो आणि आतला खर्ज बाहेर गळतो, असे मधुराने सांगितले. बुवांना दोन्ही कानांत मोठीच लागली. मध्यम टोपी तान घेताच सटकून मांडीवर येई. भाऊरावांच्या कानात सर्वांत लहान सोडून काही जाईना.

"पेठेतला माणूस आहे," तात्या म्हणाले. "जागा बेताचीच असायची."

त्यानंतर बुवा एकेक जोडी डोळे मिटून ऐकू लागले. पहिलीत पखवाज पुढे आणि गायक मागे, तात्यांना आवडेल. दुसरीत अक्षरे ताटलीवर चमचा पडल्यासारखी. तिसरी कानात घालून ते म्हणाले, "ही राहू दे. हिच्यात माणूस शेजारी बसला आहे."

भाऊरावांना प्रत्येक जोडी सारखीच. "छान आहे. जरा मोठा करा." सगळ्या जोड्यांना हेच.

ज्याला इतके बारीक ऐकू येते त्याचा कान उतरला म्हणायचे कसे? आणि उतरला नसेल, तर गंधार उतरतो कसा?

*

उत्तर पुढच्या गुरुवारी मिळाले. मधुराने एका छोट्या डब्यात तंबोरा, पेटी आणि बुवांचा गळा यांचे आवाज एकत्र आणले होते. वायरी ठीक आहेत का पाहण्यासाठी ती जोडी आधी मी कानात घातली. बुवा एकटे गुणगुणत होते. गंधार तंबोऱ्यावर असा बसला जशी समईवर ज्योत. मग भाऊरावांनी भाता ओढला. पेटीचा गंधार आला, आणि तोच खाली होता. बुवांचा गळा क्षणभर थांबला, आणि आपणहून खाली उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

गळा चुकतो, पेटी चुकत नाही, अशी आमची सर्वांची श्रद्धा. लाकूड आणि पितळ चुकणार कसे? आम्ही भलत्याच माणसाचे कान तपासत बसलो होतो.

भजन संपल्यावर मी बुवांना पारावर गाठले. किती दिवस चालले आहे, असे विचारले.

"पाऊस संपल्यापासून," ते म्हणाले. "ती पेटी भाऊरावांच्या थोरल्या भावाच्या हातची आहे. भाऊ गेले. दुरुस्तीला ते कोणाला हात लावू देत नाहीत, आणि उतरलेला सूर आता त्यांना ऐकू येत नाही. चारचौघांत त्यांना सांगायचे तरी कसे?"

"लोक म्हणताहेत, बुवांचा कान गेला."

"म्हणू देत. कान माझाच आहे ना?"

मी विश्वस्तांचा निरोप अखेर सांगून टाकला. बुवांनी तो ऐकला, उपरणे झटकले आणि भाऊरावांना काही न बोलण्याची शपथ मला घातली.

*

दत्तजयंतीची संध्याकाळ. जन्मकाळ जवळ आलेला, सभामंडप गच्च. पहिल्या रांगेत एक तरुण गायक कडक इस्त्रीच्या झब्ब्यात बसलेला, आणि त्याला कशासाठी बोलावले आहे ते आम्हाला ठाऊक होते. विश्वस्त खांबाला टेकून उभे.

बसण्यापूर्वी बुवांनी इअरफोन माझ्या हातात दिला. डाव्या बाजूला सर्वांत लहान टोपी लावा, म्हणाले. मला वाटले, घाबरून विसरले. मी हलकेच आठवण दिली, "बुवा, आपल्याला दोन्हीकडे मोठी लागते."

"लहान लावा."

मी लावली.

भजन सुरू झाले. डाव्या कानातली टोपी बुवा बोटाने कशीबशी धरून होते. ध्रुवपद झाले. पहिल्या अंतऱ्यात गंधार आला, पेटीचा खाली, बुवांचाही खाली. तरुण गायकाने मान वर केली. विश्वस्त खांबापासून सरळ झाले. माझी झांज चुकली.

तोच बुवांनी डाव्या कानातला इअरफोन काढला, गाता गाता झुकले आणि तो भाऊरावांच्या कानात घातला. पहिल्या झटक्यात बसला. एका वायरीने बांधलेली दोन पिकली डोकी एकमेकांकडे कलली. मधुराने डब्यावरचे आवाजाचे बटण हळूच वाढवले; तंबोरा आणि पेटी भाऊरावांच्या कानात शेजारी शेजारी वाजू लागली.

भाऊरावांनी पुन्हा गंधार वाजवला. बोट पट्टीवर तसेच राहिले. त्यांनी बुवांकडे पाहिले; बुवा दत्ताकडे पाहत होते. मग ते बोट उचलले गेले, आणि त्या संध्याकाळी पुन्हा त्या पट्टीवर उतरले नाही. गंधाराची जागा पेटी रिकामी सोडी, आणि बुवांचा गळा तिथे एकटा, सरळ उभा राही.

पाळणा झाला, सुंठवडा वाटला गेला. विश्वस्तांनी मानाचा नारळ बुवांच्या ओंजळीत ठेवला आणि नमस्कार केला. भाऊराव पेटीवर खोळ चढवत होते; चढवून झाल्यावरही बराच वेळ चढवत होते.

तात्यांना यातले काहीच कळले नव्हते. सुंठवडा चघळत ते म्हणाले, "बुवा, डाव्या कानाचे फिटिंग चुकले वाटते. मध्येच काढावा लागला."

"नाही हो," बुवा म्हणाले. "डावा अगदी नेमका बसला."

ज्यांनी हे ऐकले त्यांच्या कानी सदैव मंगल पडो. प्रत्येक घरात सांभाळून घेणारा एक गळा असो, आणि कोणाच्याही घरचा सूर एकटा न पडो. श्रीगुरुदेव दत्त.