कडुनिंबाखालच्या मुंग्या

बाबांची शुगर आमच्या घरी मुंग्यांवरून ठरायची. मलकापूरजवळच्या आमच्या घरामागे कडुनिंब आहे. पहाटे बाबा तिथेच लघवीला जायचे आणि चहा ठेवण्याआधी आई तिथे डोकावून यायची. मुंग्यांची रांग लागलेली असली की चहा फिका, तुरळक दिसल्या तर अर्धा चमचा साखर. मी आणलेलं शुगर तपासायचं मशीन कपाटात पडून होतं. मी कितीदा डोकं फोडलं, पण त्या दोघांपुढे माझं काही चाललं नाही.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तर बाबा मला हाताला धरून झाडाखाली घेऊन गेले.

"पाह्य बे, एक मुंगी नाही. उतरली माही शुगर."

चेहराही भरलेला दिसत होता. आईनं दोन चमचे साखर घालून चहा दिला. बाबांनी तो बशीत ओतून, डोळे मिटून प्यायला. इतके खूश ते मला क्वचितच दिसले होते.

चेहरा भरला नव्हता, सुजला होता. पायही सुजले तेव्हा त्यांना डॉक्टरांकडे नेलं. आई घरीच होती. किडन्या थकल्याचं कळल्यावर बाबांनी विचारलं, "मंग मुंग्या काऊन गेल्या?"

डॉक्टरांनी समजावलं. किडनी रक्तातली साखर गाळते आणि जवळजवळ सगळी परत रक्तात घेते. साखर फार झाली की किडनीला सगळी परत घेता येत नाही, उरलेली लघवीत उतरते आणि मुंग्या लागतात. आता किडनीचं गाळणंच मंदावलं होतं, म्हणून साखर बाहेर पडत नव्हती. रक्तात ती होतीच.

परत येताना बाबा एवढंच बोलले, "तुह्या मायले हे मुंग्याचं सांगू नको."

घरी आल्यावर त्यांनी गोड चहा बंद केला. आता गोड आवडत नाही म्हणाले. आईला ते लागलं. मला तर रडूच येत होतं.

उन्हाळ्यात बाबा गेले. दिवसकार्य झाल्यावर आईनं कडुनिंबाखाली मूठभर साखर टाकली. बघता बघता मुंग्या आल्या. ती तिथेच बसून राहिली.

"किडनीनं घात केला," ती म्हणाली. "शुगर तं मी बरी केली होती तुह्या बाबाची. नाही का रे?"

"हाव माय," मी म्हणालो.