कोळशाची खूण केलेलं अंडं

ताजं अंडं गरम असतं हे खांडबाऱ्याला येईपर्यंत मला माहीत नव्हतं. हातात घेतलं की कुणाच्या तरी अंगाला आतून हात लागल्यासारखं वाटे. वर विष्ठेची रेघ, तिला चिकटलेलं पीस. कोकणात माहेरी अंड्याचं नावही काढत नसत. तिसरीतून माझी शाळा सुटली, लग्न झालं, आणि स्टेशनात तारयंत्रावर काम करणाऱ्या नवऱ्यामागून मी या मुलखात आले. लढाईचे दिवस. माहेरचं पत्र यायला पंधरवडा लागे.

त्या दिवाळीनंतर यांना न्यूमोनिया झाला. त्यातून उठले, पण अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "रोज एक कच्चं अंडं दुधातून. न चुकता. पुन्हा छातीत गारठा बसला तर माझ्या हातात काही नाही." हे गेले तर मी कुठल्या गाडीत बसायचं, तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

शेजारी पिंजाऱ्याचं घर. त्या घरच्या बाईला मी खाला म्हणे. तिच्या चार कोंबड्या. मी न मागता ती रोज कुंपणावरून अंडं पुढं करी. मी पदर पसरायची, हात नाही. ती हसे. "ले बेटी, अंडं शे, इच्चू नही!" तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातं.

पौषात ती लेकीच्या बाळंतपणाला विसरवाडीला निघाली. पिंजारी गावोगाव गाद्या पिंजत हिंडत होता. जाताना मला म्हणाली, "सकायले उघाडजो, सांजले कोंडजो. अंडा तुन्हाच."

यांचा बेडका मी राख घालून परसात टाकत असे. कोंबड्या धावत यायच्या, राख उकरायच्या आणि नेमका बेडकाच टिपायच्या. आणि त्यांचंच अंडं दुसऱ्या दिवशी मी यांच्या दुधात फोडायची. पांढरा बुळबुळीत पदार्थ भांड्याच्या काठावरून लोंबत राही. हे डोळे मिटून प्यायचे. मी बाहेर जाऊन ओकायची.

पाचव्या दिवशी ठरवलं, निदान खुराडं तरी धुवायचं. आत हात घातला तर पिसवा कोपरापर्यंत चढल्या. वास असा, की डोळ्यांतून पाणी आलं. कोपऱ्यातल्या पेंढ्यात एक जुनं, पिवळट अंडं होतं. त्यावर कोळशानं काळी फुली मारलेली.

आमच्याकडे अशी वस्तू सापडली की एकच अर्थ. करणी. आजारी माणूस कुणाच्या घरात? माझ्या. अंडी कोण देतं? खाला. मी ते चिमट्यानं उचललं, नाल्यात फेकलं, चिमटाही फेकला आणि गार पाण्यानं डोक्यावरून अंघोळ केली. खुराडं राखेनं घासून काढलं.

दुसऱ्या दिवसापासून अंडं नाही. एकही नाही. चार दिवस गेले तशी मी दवाखान्यात रडतच गेले. कंपाउंडर म्हणाले, "थंडीत दिवस लहान होतो, कोंबडी अंडं द्यायची थांबते. पहाटे कंदील लावून बघा. एका साहेबाच्या बंगल्यावर लावायचे." रॉकेल रेशनवर. तरी पहाटे उठून खुराड्यात कंदील टांगू लागले. कोंबड्या उजेडाला डोळे मिचकावत आणि खाली उतरताना माझ्या पायांवर घाण करत. तीन आठवडे झाले. पेंढा कोरडाच. यांना संध्याकाळची कणकण येऊ लागली, आणि मला वाटलं, फेकलं म्हणूनच उलटलं.

खाला परतली ती तडक खुराड्यापाशी. "आठे एक अंडं व्हतं. खूण करेल. कोठे गयं?"

"टाकलं मी."

"आरे अल्ला!" तिनं कपाळाला हात लावला. "कोंबडीले एक अंडं दिखनं का ती तठेच देस. चुकीसन कोनी खावाले नको म्हनीसन खूण. तू त्यासनं घरच उठाडी दिनं!"

बोलता बोलता ती कुंपणाकडच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाशी गेली आणि कपाशीची वाळकी झाडं बाजूला सारली. आत तेरा अंडी. कंदिलानं दिली की कंदिलाशिवाय, देव जाणे, पण पडत होती. तळातलं एक माझ्या बोटांत फुटलं. हिरवट काळा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. असा वास मला पुढं आयुष्यात कधी आला नाही.

खालानं उरलेली बादलीत सोडली. जी बुडाली ती चांगली. पाच बुडाली. त्यातलं एक यांना त्याच सांजेला दिलं. होळीपर्यंत हे कामावर गेले, आणि नंतर कितीतरी वर्षं तारेवर बसले.

पण त्या दिवशी खालानं तरंगलेलं एक अंडं पुसलं, चुलीतला कोळसा माझ्या हाती दिला. "ले, तूच कर खूण. म्हंजे ध्यानमा ऱ्हाई."

मी फुली मारायला लागले. रेघ सरळ येईना.

"आजून घीण यी ऱ्हायनी का व बेटी?" तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

करणीचा संशय तिला न सांगता मी हो म्हणाले.