दादाच्या घराचे वकील

माणूस गेलेल्या घरी लोक डबे घेऊन येतात. आमच्याकडे तेरा दिवस येत होते. पण वहिनीला आता वकील लागणार, हे एकदा इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेलं आणि मग जो येईल तो डब्याबरोबर आपल्या वकिलाचा एक किस्सापण घेऊन यायला लागला. घर घेतानाचा, विकतानाचा, फसतानाचा. सोफ्यावर बसायचं, दादाच्या फोटोकडे एकदा बघायचं, की सुरू. डबे आम्ही धुऊन परत केले. किस्से माझ्याकडे पडून आहेत, आणि त्यात पुढे माझे स्वतःचे जमा झाले. कोणाला तरी सांगितल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

मी आठवीनंतर शाळेत गेलो नाही. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका किराणा दुकानाची व्हॅन चालवतो. माझा दादा, प्रशांत, इंजिनिअर होता. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. आई-बाबा गेल्यावर त्याने मला अमरावतीहून इथे बोलावून घेतलं. या मार्चमध्ये ऑफिसच्या पार्किंगमध्ये त्याचं हार्ट बंद पडलं. एकेचाळीस वर्षांचा होता.

वहिनीला घर विकून दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला बहिणीकडे जायचंय, स्वराला घेऊन. स्वरा त्यांची मुलगी, सहा वर्षांची. तिकडची शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होते. गिऱ्हाईकही मिळालं. चांगलं जोडपं आहे, ऑगस्टअखेरपर्यंत थांबतो म्हणाले. त्यापुढे नाही. आणि घर विकायला निघालो तर घर वहिनीचं नव्हतंच.

* * *

एजंटबाईंनी लॅपटॉपवर काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, घरांचं रेकॉर्ड उघडलं आणि वहिनीला विचारलं, यात तुमचं नाव कुठे आहे? घर दादाच्या एकट्याच्या नावावर. मृत्युपत्र नाही.

वहिनी म्हणाली, असं कसं होईल, मी तर सही केली होती. वर जाऊन फाइल घेऊन आली. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये एक पान, खाली तिची सही, सात वर्षांपूर्वीची तारीख. देवाच्या कपाटात ठेवलं होतं तिने ते.

एजंटबाईंनी पान दोनदा वाचलं. ते बँकेचं होतं. हप्ते थकले आणि बँकेने घर ताब्यात घेतलं, तर बायको म्हणून मी आडवी येणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं.

वहिनीने पान परत कव्हरमध्ये सरकवलं. मग म्हणाली, "म्हणजे घर जायचं असेल तर माझी सही चालते."

* * *

आमच्या इलिनॉय राज्यात घर घेणाऱ्याचा एक वकील असतो आणि विकणाऱ्याचा एक. कागदावर नावं कशी घालायची, हे घेणाऱ्याच्या वकिलाने विचारायचं असतं. दादाने वकील कसा निवडला, ते मी त्याच्या फोनवर वाचलं.

त्याने मंडळाच्या ग्रुपवर विचारलं होतं, घराच्या खरेदीच्या कागदांसाठी कोणी चांगला लॉयर माहीत आहे का? एकतीस उत्तरं. सगळी एकाच माणसाबद्दल, पेठकरकाकांबद्दल. एकदम आपला माणूस. आरतीला काय आवाज लागतो! काकूंच्या हातचे मोदक खाल्लेस का? एकानेही असं लिहिलं नव्हतं, की त्यांनी माझे कागद नीट बघितले.

फक्त एका रिटायर्ड डॉक्टरांनी लिहिलं होतं, आपल्याच काउंटीत रोज हेच काम करणारा कोणी बघ. त्यावर एकही अंगठा नाही. त्याखाली कोणीतरी विचारलेलं, गणपतीच्या मखराला थर्माकोल कोणाकडे आहे? त्याला चौदा अंगठे.

पेठकरकाकांचं ऑफिस दादाच्या घरापासून दीड तास लांब. त्यांचं खरं काम व्हिसाचं. आणि माझा दादा म्हणजे मिक्सर घ्यायचा तर तीन आठवडे रिव्ह्यू वाचणारा माणूस. वकील त्याने सात मिनिटांत ठरवला. मी मेसेजची वेळ बघितली.

* * *

दादाचा कॉलेजचा मित्र निखिल, फ्रिस्कोला असतो. तो रोज फोन करायचा. टेक्सासमध्ये असली भानगडच नाही यार, म्हणायचा. मालकी तपासणाऱ्या टायटल कंपनीच्या टेबलावर जायचं, सह्या करायच्या, बाहेर येऊन बिर्याणी खायची. तू टेन्शन घेऊ नकोस, माझा वकील सगळं ईमेलवर करून देतो.

त्याने खरंच वकील गाठला. आम्ही त्याला सगळे कागद स्कॅन करून पाठवले. दादाचं डेथ सर्टिफिकेट मी स्वतः मशिनवर ठेवलं, तीन वेळा, कारण दोनदा ते तिरकं आलं. मग रोज विचारायचं, काय झालं? निखिल म्हणायचा, चालू आहे.

तीन आठवड्यांनी त्या वकिलाची ईमेल आली. आधी दुःखात सहभागी आहे, असं चार ओळींत. मग एक ओळ, की मला इलिनॉयमध्ये वकिली करायचा परवाना नाही.

तीन आठवडे! मी निखिलला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. तो रडायला लागला. प्रशांतसाठी मला काहीतरी करायचं होतं रे, म्हणाला. त्याचा मला जास्तच राग आला. रडणाऱ्या माणसाला धड शिव्यापण देता येत नाहीत.

* * *

अभ्यंकरकाकू चाळीस वर्षं इथे आहेत. डॉक्टर होत्या. त्यांनी आपलं टाउनहाउस विकलं तेव्हा इंटरनेटवर जो पहिला दिसला तो वकील घेतला. दर फोनला नवीन मुलगा. दर वेळी पहिल्यापासून सांगायचं.

सह्यांच्या दिवशी काकूंनी चष्मा लावून सगळं वाचून काढलं. कागदावर त्यांच्या घराबरोबर शेजाऱ्याचं गॅरेजही विकायला काढलेलं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, तर तो मुलगा म्हणाला, आत्ता सही करा, नंतर दुरुस्त करू.

"मी म्हटलं, आत त्याची गाडी उभी आहे," काकू म्हणाल्या. "तीपण देऊन टाकू का?"

सगळे हसले. आमच्या हॉलमध्ये, दहाव्या दिवशी. मी उठून बाहेर गेलो आणि कचऱ्याच्या मोठ्या डब्याला लाथ घातली. अंगठ्याचं नख काळं पडलं. लंगडत आत आलो तर वहिनीपण हसत होती, दहा दिवसांत पहिल्यांदा. काकू स्वराला भात भरवत होत्या. मला लाथेची लाज वाटली. राग मात्र होता तिथेच.

* * *

तुम्ही पेठकरकाकांकडे जाऊ नका, असं वहिनीने मला सांगितलं होतं. मी गेलो. व्हॅनमध्ये मागे डिलिव्हरीची कोथिंबीर तशीच.

काकांनी स्वतः दार उघडलं. माझा हात धरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चहा मागवला. मी विचारलं, काका, वहिनीचं नाव का नाही घातलंत?

ते म्हणाले, तुला तो दिवस माहीत नाही. दोघं मुहूर्त बघून, देवळातून थेट इथे आले होते. तुझ्या वहिनीला सातवा महिना. माझ्या टेबलावर पेढे. कर्ज त्याच्या एकट्याच्या पगारावर होतं, म्हणून कागदही तसेच तयार झाले. दोघांच्या नावावर करायचं, तर एक मेला की दुसऱ्याचं काय, हे विचारावं लागतं. गोऱ्या वकिलाला ते विचारताना काही वाटत नाही.

"आपल्या माणसाला शुभ वेळेला असं विचारतात का?" काका म्हणाले.

एक प्रश्न. दादाने एका सेकंदात उत्तर दिलं असतं आणि परत पेढा खाल्ला असता.

"काका, आता शुभ काही राहिलं नाही," मी म्हणालो. "आता विचारा."

त्यांनी विचारलं नाही. कोर्टाचं सगळं काम फुकट करून देतो, म्हणाले. मी चहाचा कप उचलला, त्यांच्या समोरच्या कागदांवर उपडा केला आणि निघून आलो. तोपर्यंत कोथिंबिरीने मान टाकली होती. त्यावरून दुकानात मालकाच्या शिव्या खाल्ल्या, त्या वेगळ्या.

* * *

मग मी ठरवलं, वकील मीच शोधणार. मला रिव्ह्यू वाचता येत नाहीत. मला भाजी निवडता येते. मालकाच्या गोडाऊनमध्ये मी पेटीवरचा शिक्का बघत नाही, खालच्या थरात हात घालतो.

काउंटीच्या कोर्टात मेलेल्या माणसांच्या घरादाराचे निकाल जिथे लागतात, त्या खोलीबाहेर एक बाक आहे. तीन दिवस सकाळी मी तिथे जाऊन बसलो. एक वकील आला, भारी सूट, आपल्याच पक्षकाराचं नाव फाइल उघडून बघत होता. दुसरा फोनवरच होता, पक्षकार त्याच्यामागे पळत होती. एक म्हातारी वकीलबाई होती, मिस नोवाक. ती बाहेर आली की पक्षकाराच्या शेजारी बाकावर बसायची. एका आजोबांना तिने एकच गोष्ट तीनदा समजावली. त्यांनी मान डोलावली, तर म्हणाली, आता तुम्ही मला सांगा मी काय म्हटलं ते.

तिसऱ्या दिवशी मी तिला अडवलं. माझ्या भावाचं घर विकायचंय, म्हणालो. तिने पहिल्यांदा रस्त्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, त्या घरांच्या मागून गावाची पाण्याची लाइन जाते, तिचा वेगळा कागद असतो, तो आहे का तुमच्याकडे?

निखिलला, त्याच्या वकिलाला, पेठकरकाकांना, कोणालाच दादाच्या घरामागे काय आहे ते माहीत नव्हतं.

* * *

नोवाकच्या ऑफिसमध्ये मी आणि वहिनी गेलो. तिने समजावलं, की मृत्युपत्र नाही म्हणून अर्धं घर वहिनीचं आणि अर्धं स्वराचं. कोर्टाने वहिनीला दोन्ही अर्ध्यांसाठी नेमलं की विकता येईल. त्यासाठी वाटा नसलेल्या, पण घरातल्याच कोणीतरी शपथेवर सांगायचं, की प्रशांतची माणसं कोण कोण. घरातला म्हणजे मीच उरलो.

मग तिने पेन उघडलं आणि विचारायला सुरुवात केली. याआधी लग्न झालं होतं का? दुसरं मूल? इथे किंवा भारतात? लग्नाबाहेरचं?

मी उठलो. खुर्ची मागे पडली. माझ्या दादाबद्दल असलं विचारायची हिंमत कशी होते, असं मी मराठीतच ओरडलो. नोवाकने पेन खाली ठेवलं नाही.

"भाऊजी, बसा," वहिनी म्हणाली. "विचारू द्या. कोणीतरी विचारू दे."

मी खुर्ची उचलून बसलो. सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. नाही, नाही, नाही, एकच मुलगी. शेवटी नोवाकने विचारलं, कोर्टात कुठल्या भाषेत बोलणार? मी म्हटलं, मोडकीतोडकी इंग्रजी येते मला. ती म्हणाली, "ज्या भाषेत चिडतोस, त्याच भाषेत शपथ घे." आणि इंटरप्रीटरचा अर्ज भरला.

* * *

ऑगस्टचा पहिला आठवडा. नोवाकने सांगितलं होतं, उत्तरं नीट गेली तर जज आजच सही करतील, नाहीतर पुढची तारीख सप्टेंबरात. म्हणजे गिऱ्हाईक गेलं.

इंटरप्रीटर फोनवर होती, स्पीकर लावून. कुठल्या गावातून बोलत होती कोणास ठाऊक. मराठी बाई. जे बोललं जाईल ते जसंच्या तसं सांगेन, कमी नाही, जास्त नाही, अशी आधी तिने शपथ घेतली. मग मी घेतली.

नाव विचारलं, नातं विचारलं. आई-बाबांची नावं, ते कधी गेले. दादाचं लग्न, मूल किती. मी सांगत गेलो, ती इंग्रजीत सांगत गेली. आवाज पुस्तक वाचल्यासारखा सरळ. मग जज म्हणाले, रेकॉर्डसाठी एक शेवटचं.

"तुमचे बंधू प्रशांत हयात आहेत का?" तिने विचारलं.

मी मान हलवली. जज म्हणाले, मान रेकॉर्डवर येत नाही, तोंडाने सांगा.

"आहे," मी म्हणालो.

त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघंच, मी आणि वहिनी. वहिनीने डोळे मिटून घेतले. नोवाक कागदावर पेन टेकवून थांबली होती. जजने स्पीकरकडे बघून विचारलं, काय म्हणाले ते?

बाई इंग्रजीत म्हणाली, लाइन खराब आहे, उत्तर ऐकू आलं नाही, परत विचारायची परवानगी द्यावी.

लाइन खराब नव्हती. पाच मिनिटांपूर्वी तिच्या घरच्या कुकरची शिट्टी अख्ख्या कोर्टाने ऐकली होती.

जजने परवानगी दिली.

"भाऊ," ती मराठीत म्हणाली, "सावकाश सांगा. घाई नाही. तुमचे दादा हयात आहेत का?"

"नाही," मी म्हणालो.